हापूसचा वास माशीलाही येतो!

माहुलहून बोलतोय. आजचा विषय आंबा आणि त्याला लागणारी फळमाशी.

माहुलकरांना वासाचं वेगळं सांगायला नको. वारा फिरला की नाकाला आधी कळतं. फळमाशीचंही तसंच. मादी वासावर आंबा शोधते, सालीत टोचून अंडी घालते. अळ्या आत गर खात बसतात. बाहेरून दिसतो फक्त टाचणीएवढा ठिपका.

मग सगळ्या आंब्यांना ती सारखीच लागते का? नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं हे तपासलंय. लंगड्याच्या सालीत फिनॉल नावाची द्रव्यं जास्त, तिथे तिचं फारसं जमत नाही. हापूस मात्र सहज बळी पडतो. २०१४ मध्ये याच संस्थेनं दाखवलं, की आंब्याच्या वासातलं गॅमा-ऑक्टालॅक्टोन मादीला अंडी घालायला भाग पाडतं. आणि पिकलेल्या हापूसच्या घमघमाटातही लॅक्टोनचाच मोठा वाटा! म्हणजे ज्या वासासाठी आपण पेटीला एवढे पैसे मोजतो, त्यातच माशीचं आवतण असतं.

'माशी न लागणारा हापूस काढा' म्हणणं सोपं आहे हो. पण वासच गेला तर त्याला हापूस म्हणायचं का?

बागायतदाराला मात्र हे महागात पडतं. मे २०१४ मध्ये याच माशीमुळे युरोपियन युनियननं भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती उठायला २०१५ उजाडलं.

वाण वाचवत नसेल तर आपणच वाचवायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आहे. त्यातलं मिथाईल युजेनॉल नरांना ओढून घेतं. नर संपले की माद्यांची फळणारी अंडी कमी होतात. आपल्या शेजारच्या ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्रही यात आहे. त्यांच्या तंत्रावर चालणाऱ्या लासलगावच्या 'कृषक' केंद्रात आंब्याला गॅमा किरण दिले, आणि २००७ मध्ये अमेरिकेचं दार उघडलं. किरणांमुळे अळीची पुढे माशी होत नाही.

आता तुमचं काम. अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोष करतात. म्हणून किडका आंबा कुंडीत किंवा झाडाखाली टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून मगच कचऱ्यात टाका. गावाला बाग असेल तर पडलेली फळं रोज वेचा आणि खोल पुरा. सापळा लावलात तरी हे चुकवू नका.

गावी बाग असलेल्या एका तरी मित्राला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!