डोमेनचे पूर्वीचे धारक
पन्हाळा तालुक्यातील कोडोलीच्या एखाद्या गूळ व्यापाऱ्याने डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचे नोंदणीकृत नाव, घेण्यापूर्वी त्याचे आधीचे धारक तपासावेत, कारण जुन्या फसवणुकीचा डाग नव्या धारकालाही भोवतो. ‘हूइज’ ही सार्वजनिक नोंद सातबाऱ्यासारखी सध्याचा धारक सांगते, परंतु तिला फेरफाराची वही नाही. शिवाय मे २०१८ मध्ये युरोपचा विदासंरक्षण नियम लागू झाल्यापासून बहुतेक नावे झाकलेलीच असतात. म्हणून १९९६ पासून जालपाने साठवणाऱ्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’चा आधार घ्यावा लागतो, कारण तेथील जुन्या पानाच्या तळाशी छापलेले दुकानाचे नाव पुष्कळ काही सांगून जाते. नोंदणीची तारीख मात्र फसवी असते: मुदत संपून मोकळे झालेले नाव पुन्हा नोंदले की ती नव्याने सुरू होते, त्यामुळे २०२२ ची नोंद असलेल्या नावाची २००५ मधील पाने सापडली, तर ते नाव पूर्वी कोणीतरी सोडून दिलेले असते.