तार तुटली तर शेतकऱ्यानं काय करायचं?
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



तुम्ही म्हणाल, लढाई कुठं आणि आपली पऱ्हाटी कुठं? आभाळातल्या उपग्रहाशी आपलं काय देणंघेणं? आहे. ऐका.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. त्याच्या तासभर आधी घाव पडला तो 'केए-सॅट' या उपग्रहाच्या जाळ्यावर. उपग्रहाला ओरखडाही आला नाही. जमिनीवरच्या हजारो मोडेमांना खोटा हुकूम गेला आणि ते निकामी झाले. जर्मनी त्या लढाईत नव्हता. तरी तिथल्या 5,800 पवनचक्क्यांवरची दुरून ठेवलेली देखरेख बंद पडली. चक्क्या फिरत होत्या, पण दुरून त्या कुणाला दिसत नव्हत्या.

आता त्याहून मोठी लढाई धरा. 9 जुलै 1962 ला अमेरिकेनं पॅसिफिक महासागरावर 400 किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला. ती नुसती चाचणी होती. पण दीड हजार किलोमीटरवरच्या हवाई बेटावर रस्त्याचे दिवे गेले. 'टेलस्टार' उपग्रह दुसऱ्या दिवशी आभाळात गेला आणि त्या किरणोत्सर्गानं काही महिन्यांत मेला. असा बॉम्ब आपला-परका पाहत नाही.

आणि देशादेशांतलं बहुतेक इंटरनेट आभाळातून जातच नाही, समुद्राच्या तळाच्या तारांतून जातं. 2024 साली तांबड्या समुद्रात तीन तारा तुटल्या. क्षेपणास्त्र लागून वाहवत गेलेल्या जहाजाच्या नांगरानं त्या तुटल्या असं मानलं जातं.

आता घरी या. 2021 पासून पीकपेरा आपण मोबाईलवर नोंदवतो. 2025 च्या हंगामात सीसीआयला कापूस घालायचा तर ॲपवर नोंदणी आली. पीकविमा, अनुदान, सगळं त्याच वाटेनं. वाट बंद झाली की कापूस घरात आणि शेतकरी कागदावर नाही!

यंत्राला आपला विरोध नाही. नवं तंत्र शेतकऱ्याला पाहिजेच. पण सगळी जनावरं एकाच दाव्याला कुणी बांधतं का?

म्हणून मागणी सरळ आहे. नेटवर्क गेलं तर तलाठ्यानं आणि खरेदी केंद्रानं नोंद कागदावर घ्यावी, सहीची पावती द्यावी, आणि तीच ग्राह्य धरावी. आपणही सातबारा आणि पावत्या छापून पेटीत ठेवाव्यात.

हा ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करावा.