तात्पुरत्या संरक्षणाची वाढती वर्षे

परकीय नागरिकांना मानवतेच्या भूमिकेतून दिले जाणारे तात्पुरते संरक्षण आणि त्यात होणारे फेरबदल हा विषय अमेरिकेच्या संदर्भात तपासणे सोयीचे ठरते, कारण तेथे १९९० च्या स्थलांतर कायद्याने या संरक्षणाला निश्चित चौकट दिली. ‘टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस’, संक्षेपाने टीपीएस, या नावाच्या त्या चौकटीनुसार एखाद्या देशात सशस्त्र संघर्ष चालू असेल, भूकंप वा पुरासारखी आपत्ती कोसळली असेल किंवा अन्य असाधारण पण तात्कालिक परिस्थिती उद्भवली असेल, तर त्या देशाचे जे नागरिक ठरावीक तारखेपासून अमेरिकेत राहत आहेत, त्यांना सहा ते अठरा महिन्यांपुरते हद्दपारीपासून संरक्षण आणि कामाचा परवाना मिळतो. आश्रयाच्या अर्जात व्यक्तीला आपल्यावरील छळाची भीती सिद्ध करावी लागते. टीपीएसमध्ये मात्र देशाची अवस्था हाच आधार असतो. १९९० पूर्वी अशी सवलत सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. पोलंडच्या नागरिकांना ती मिळाली, यादवीतून पळालेल्या एल साल्वादोरच्या नागरिकांना मात्र मिळाली नाही, आणि म्हणूनच काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, त्या देशाचे नाव १९९० च्या कायद्यातच घातले.

मर्जीच्या जागी नियम आला खरा. परंतु मुदत संपत आली की सोडून आलेल्या देशाची स्थिती सुधारली का, एवढीच विचारणा हा नियम करतो, आणि दरम्यान त्या माणसाचे आयुष्य कोठे रुजले, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही. ऑक्टोबर १९९८ मधील ‘मिच’ चक्रीवादळानंतर होंडुरासच्या नागरिकांना जानेवारी १९९९ मध्ये हा दर्जा मिळाला आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. प्रत्येक मुदतवाढीबरोबर फेरनोंदणीचा अर्ज, शुल्क आणि बोटांचे ठसे आलेच. नवे कार्ड हाती पडण्यापूर्वी जुन्याची तारीख उलटली, तर ‘फेडरल रजिस्टर’ या केंद्रीय राजपत्रातील मुदतवाढीच्या सूचनेची छापील प्रत मालकापुढे ठेवून, कार्ड मुदतबाह्य दिसत असले तरी परवाना चालू आहे, हे कामगारालाच पटवून द्यावे लागते.

अलीकडील फेरबदलांनी ही अनिश्चितता अधिक तीव्र केली आहे. होंडुरासचा दर्जा संपवण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला, २०२३ मध्ये तो मागे घेण्यात आला आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा समाप्ती जाहीर झाली. व्हेनेझुएलाच्या नागरिकांना जानेवारी २०२५ मध्ये मिळालेली अठरा महिन्यांची वाढ अमेरिकेतील सत्तांतरानंतर काही दिवसांतच रद्द करण्यात आली, आणि खटला प्रलंबित असतानाही सरकारला आपला निर्णय अमलात आणण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिली. दर्जा देण्याच्या, वाढवण्याच्या वा संपवण्याच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होणार नाही, असे कलम मूळ कायद्यातच असल्यामुळे, आधीच दिलेली वाढ रद्द करण्याचा अधिकार तरी हे निर्णय घेणाऱ्या मंत्र्यांना आहे का, यावरच तेथील वकिलांना वाद घालावा लागतो.

सरकारी बाजू पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. १९९८ च्या वादळाच्या आधारावर आजचे वास्तव्य टिकवणे कायद्याच्या शब्दांत बसवणे अवघडच आहे. दोष आहे तो पुढची वाट बंद ठेवण्यात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाकडून ग्रीन कार्डाकडे, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याकडे, जाणारा रस्ता, कितीही लांबचा असला, तरी अनेक मराठी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. टीपीएसला तसा स्वतःचा रस्ताच नाही. रीतसर प्रवेश न करता आलेल्या व्यक्तीला केवळ या दर्जाच्या बळावर देशात राहूनच कायम वास्तव्याचा परवाना मिळवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एकमताने ठरवले. शिवाय या लोकांना कायम दर्जा देणारे विधेयक सिनेटमध्ये तीन-पंचमांश मतांशिवाय विचारात घेता येऊ नये, अशी अट काँग्रेसने १९९० च्याच कायद्यात घालून ठेवली आहे, म्हणजे दार बांधतानाच त्याला आतून कडी लावली.

तरीही मार्ग अशक्य नाही. लायबेरियाच्या नागरिकांना १९९१ पासून आधी टीपीएस आणि नंतर राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने हद्दपारी लांबणीवर टाकणारी सवलत मिळत राहिली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसने वार्षिक संरक्षण विधेयकाला जोडून त्यांच्यापैकी पात्र व्यक्तींना कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याचा हक्क दिला. त्यासाठी लायबेरिया सावरला की नाही याचा पुरावा मागितला गेला नाही. अर्जदार नोव्हेंबर २०१४ पासून सलग अमेरिकेत राहत आहे का, हे पाहिले गेले.