उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते कशी?



मृगाचा पाऊस होऊन गेला आहे. रानाला वापसा आला आहे. बियाणे बांधावर आणून ठेवले आहे. आणि ट्रॅक्टरची चावी फिरवली, तर सेल्फ नुसता कट्‌कट् करतो. मग चार माणसे बोलवा, ट्रॅक्टर ढकला, उतार शोधा. वापसा काही आपल्यासाठी थांबत नाही.

अशा वेळी आपण म्हणतो, "बॅटरी गेली," आणि नवी आणतो. एका गावी असेच एक दादा भेटले. वर्षाच्या आत त्यांनी दुसरी बॅटरी घेतली होती. तीही ट्रॅक्टर पाच-सहा दिवस उभा राहिला की उतरायची. बॅटरीत दोष नव्हता, विजेची गळती होत होती. हौदाची तोटी ठिबकत असेल, तर हौद बदलून काय उपयोग? आधी तोटी बघायला पाहिजे.

ही गळती दिसत नाही, पण हिशेब सोपा आहे. 5 वॅटचा एक लहान बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 0.4 अँपिअर वीज खातो. चोवीस तासांत झाली जवळजवळ 10 अँपिअर-तास. आपली बॅटरी 80 अँपिअर-तासाची धरली, तर आठ दिवसांत ती रिकामी. सेल्फ तर त्याच्या आधीच मान टाकतो.

पहिली परीक्षा बिनखर्चाची. बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या. वरचा भाग ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, कारण आम्लाच्या ओल्या थरातूनही थोडी वीज झिरपते. मग बॅटरी बसवा, पण जी केबल ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते ती सोडून ठेवा. बहुतेक ट्रॅक्टरला ही उणे टोकाची असते. एरवी जितक्या दिवसांत बॅटरी उतरते, तितके दिवस तसेच राहू द्या. नंतर केबल जोडून चावी फिरवा. सुटी ठेवलेली बॅटरीही उतरली, तर दोष बॅटरीत. सुटी असताना टिकली आणि जोडून उभी ठेवल्यावर उतरली, तर गळती ट्रॅक्टरमध्ये. आणि उभ्याने टिकते पण काम करता करता उतरते, असे असेल तर चार्जिंग तपासून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट मिळाले पाहिजेत.

आता गळती कुठे आहे ते शोधू. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. जवळ बिडी-काडी नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. चावी व सगळे दिवे बंद करा. तीच उणे केबल सोडा. 12 व्होल्टचा 5 वॅटचा बल्ब घेऊन त्याची एक वायर बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरी सोडलेल्या केबलला लावा. बल्ब सावलीत धरून बघा. मिणमिणला तरी गळती आहे असे समजा. फार बारीक गळती बल्ब दाखवत नाही. तिथे मीटर 10 अँपिअरवर ठेवून त्याच जागी जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. जुन्या साध्या ट्रॅक्टरवर काटा जवळजवळ शून्यावर हवा. 0.05 अँपिअरच्या वर गेला, तर शोध घ्या.

बल्ब पेटलेला ठेवून एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या लाइनीत चोर आहे. ब्रेकचा दिवा अडकून पेटलेला राहिला आहे का, मडगार्डला वायर घासली आहे का, गोठ्यात उंदराने कुरतडली आहे का, हे बघा.

एकाही फ्यूजने बल्ब विझला नाही, तर मागाहून थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरी सोडून बघा. गाण्यांचा सेट, मोबाईलचा चार्जर, जादा दिवे, सगळे आले. आपल्या दादांच्या ट्रॅक्टरवर हा गाण्यांचा सेटच निघाला. बटण बंद, पण आतला भाग चालूच. त्याची जोडणी चावीच्या पलीकडून करून मध्ये फ्यूज टाकला, आणि तीच बॅटरी टिकू लागली.

तरीही बल्ब पेटतच राहिला, तर अल्टरनेटर बघा. उणे केबल सुटीच ठेवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि बल्ब पुन्हा लावा. आता विझला, तर आतला डायोड खराब आहे. जुना डायनॅमो असेल, तर कटआउटचे पॉइंट चिकटलेले असू शकतात. हे दुरुस्तीचे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावे, पण "गळती इथे आहे" हे तुम्हीच त्याला सांगा.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका, वायरिंग पेटते. आणि बॅटरी उतरली म्हणून खाली उभे राहून सेल्फच्या टोकांवर पाना आडवा धरू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला, तर सुरू होताक्षणीच पुढे येतो आणि मागचे चाक अंगावरून जाते. पेरणी एक दिवस लांबली तर भरून काढता येते, गेलेला माणूस परत येत नाही.

लक्षात ठेवा
• काढताना उणे केबल आधी, जोडताना ती शेवटी.
• पेरणीच्या पंधरा दिवस आधी ही तपासणी करा.
• ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल, तर उणे केबल सोडून ठेवा.
• नवी बॅटरी घेण्याआधी गळती शोधा.