वैद्यकीय अध्यापनाची बदलती पद्धत आणि आपले रुग्णालय
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकीय अध्यापनावर बोलण्याचा आमचा अधिकार तसा बेताचाच. परंतु आपल्याकडे रुजू होणारे बहुतेक तरुण डॉक्टर नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत घडतात आणि तेथील अध्यापनाचे बरेवाईट फळ आपल्या रुग्णांच्या पदरी पडते.

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये स्थापन झाले, ते मराठवाडा विद्यापीठाच्या छायेत. १९९४ मध्ये नांदेडलाच स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आले आणि १९९८ मध्ये राज्यातील आरोग्यशिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. दहा वर्षांत तीन विद्यापीठे! लातूरचे शासकीय महाविद्यालय २००२ चे. त्याला ही धावपळ करावी लागली नाही. राज्यभर एक अभ्यासक्रम, एक परीक्षा झाली, हा लाभ मोठाच. मात्र परीक्षा एक झाल्याने शिकविणे बदलतेच असे नाही. व्याख्याने एक तृतीयांशाहून अधिक नसावीत, उरलेला वेळ प्रात्यक्षिके, रुग्णतपासणी व गटचर्चेला द्यावा, असे भारतीय वैद्यक परिषदेने १९९७ मध्येच सांगितले होते. तरीही २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणावा लागला, यातच सारे आले. आता ठरावीक कौशल्ये विद्यार्थ्याने स्वतः करून दाखवायची आणि शिक्षकाने नोंदवहीत तशी स्वाक्षरी करायची, असा दंडक आहे. स्वाक्षरीचे मोल आम्हा हिशेबनीसांना ठाऊक आहे. पावती फाडली म्हणजे माल पोहोचला असे होत नाही.

या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद व स्थानिक भाषा यांनाही स्थान मिळाले, ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. नांदेडच्या रुग्णालयांत किनवट-माहूरचे रुग्ण येतात, तसे तेलंगणातूनही येतात. उदगीर-निलंग्याकडे कानडी कानी पडते. 'जीव घाबरा होतोय' असे एखादी वृद्धा म्हणते, तेव्हा ते मनाचे भय असेल, धाप असेल किंवा हृदयविकाराची सुरुवातही असेल. परप्रांतातून आलेल्या, अभ्यासात हुशार अशा विद्यार्थ्याने तिथे 'भीती' एवढेच टिपून घेतले, तर पुढचे सांगावयास नको.

हे व्याख्यानगृहात शिकता येत नाही. ते खाटेपाशी, ज्येष्ठ डॉक्टरांच्या सोबतीने शिकावे लागते. त्याला वेळ लागतो आणि तो वेळ जमाखर्चात कोठेच दिसत नाही. म्हणून विश्वस्तांना विनंती, की ज्येष्ठ डॉक्टर कनिष्ठांना घेऊन एका खाटेपाशी अर्धा तास थांबले, तर तो वेळ रिकामा धरू नये. नातेवाईकांनाही सांगावयाचे, की अशा तपासणीस संमती देणे न देणे रुग्णाच्या इच्छेवर आहे. नकार दिल्याने उपचारांत यत्किंचितही फरक पडणार नाही.

या कामासाठीची तरतूद येत्या अंदाजपत्रकात 'प्रशिक्षण' या स्वतंत्र शीर्षाखाली मांडली आहे. तिला सभेची मंजुरी मिळावी.