उशाशी बसणारे
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासनातर्फे केलेले भाषण)



गतवर्षीचा जमाखर्च आपणांसमोर ठेवलेला आहेच. औषधे, शस्त्रक्रिया, प्रयोगशाळा, वेतन, रुग्णवाहिकेचे इंधन ही खर्चाची नेहमीची शीर्षके त्यात आहेत. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मात्र आम्ही एक नवे शीर्षक सुचविले आहे : ‘रुग्णसोबत’. त्यावर विश्वस्त मंडळात दोन प्रश्न उपस्थित झाले. जे औषध नव्हे आणि उपकरणही नव्हे, त्यावर धर्मादाय निधी का खर्च करावा? आणि आजाऱ्याच्या उशाशी परका माणूस बसविल्यास त्याच्या श्रद्धेत ढवळाढवळ होणार नाही, याची हमी कोण देणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधताना आमचे लक्ष आपल्याच विदर्भातील एका जुन्या सेवेकडे गेले. ती सेवा म्हणजे परदेशांतून येऊन पलटणीत आणि रुग्णालयात काम करणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंची.

अशा धर्मगुरूला ‘चॅपलेन’ म्हणतात. या शब्दाचे मूळ संत मार्टिन या रोमन सैनिकाच्या कथेत सांगितले जाते. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा फाडून अर्धा दिला. पुढे तो झगा जपणाऱ्या धर्मगुरूंना जे लॅटिन नाव मिळाले, त्यावरून हा शब्द आला. म्हणजे या पदाच्या नावातच प्रवचन नाही, अर्धे पांघरूण आहे.

आपल्या भागाशी या सेवेचा संबंध कामठीमुळे आला. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर, १८२१ मध्ये, कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली. इंग्रज फौजेत आयरिश सैनिकांचा भरणा मोठा होता आणि त्यांतील पुष्कळजण कॅथलिक होते. मद्रासच्या पलटणींबरोबर तमिळ कॅथलिक कुटुंबेही आली होती. १८४५ मध्ये सव्हॉय प्रांतातील संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे धर्मगुरू भारतात उतरले. विशाखापट्टणमपासून कामठी-जबलपूरपर्यंतचा विस्तीर्ण प्रदेश त्यांच्याकडे सोपविण्यात आला. १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि चांद्याचा मुलूखही पुढे त्याच प्रांतात राहिला.

या धर्मगुरूंची स्थिती मोठी विलक्षण होती. त्यांची मातृभाषा फ्रेंच. ते आले तेव्हा सव्हॉय सार्डिनियाच्या राज्यात होते. १८६० मध्ये ते फ्रान्सकडे गेले. सैनिक आयरिश, सरकार इंग्रजी, शिपायांची कुटुंबे तमिळ आणि भोवतालची वस्ती मराठी व गोंडी बोलणारी. इंग्रजी आल्याविना सैनिकाचे अखेरचे बोलणे त्यांना समजणे शक्य नव्हते. पटकीच्या त्या काळात औषधांचे बळ तुटपुंजे होते. रुग्णापाशी बसणे आणि त्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत ऐकून घेणे, एवढेच त्यांच्या हाती होते. तेव्हा भाषा शिकणे हेच त्यांच्या सेवेचे पहिले भांडवल ठरले.

या सेवेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. छावणीचा धर्मगुरू प्रामुख्याने आपल्या धर्माच्या सैनिकांसाठी असे. छावणी परक्या सत्तेची होती आणि तिच्या कुंपणाबाहेरच्या आजाऱ्यापर्यंत ही सोबत सहसा पोहोचत नव्हती. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके यांना याच सत्तेने चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले, हे चांद्याची माणसे विसरलेली नाहीत.

तरीही या परंपरेत आम्हां व्यवस्थापकांना शिकण्यासारखे खूप आहे. सोळाव्या शतकात कॅमिलस डी लेलिस हा इटालियन सैनिक पायाच्या जखमेवर उपचार घेण्यासाठी रोमच्या रुग्णालयात दाखल झाला आणि पुढे त्याच रुग्णालयाचा व्यवस्थापक झाला. पगारी नोकर मरणासन्न रुग्णांची आबाळ करतात, हे त्याने पाहिले होते. त्याने स्थापिलेल्या सेवकसंघाला १५८६ मध्ये पोपची मान्यता मिळाली. जिवावर बेतले तरी रुग्णसेवा सोडणार नाही, अशी शपथ त्या संघाचे सभासद घेत. १८६४ च्या जिनिव्हा करारानेही युद्धभूमीवर ज्यांना तटस्थ मानले, त्यांत वैद्यकीय, प्रशासकीय व वाहतुकीचे कर्मचारी आणि चॅपलेन यांचा एकत्र उल्लेख आहे. वैद्य, हिशेब ठेवणारा, रुग्ण वाहून नेणारा आणि धीर देणारा हे चौघे एकाच कामाचे भागीदार आहेत, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९६२ मध्ये चांद्याचा भाग नागपूरपासून वेगळा करून केरळच्या कार्मेलाईट संघाकडे सोपविण्यात आला आणि बल्लारपूर हे त्याचे केंद्र झाले. हे धर्मगुरू भारतीयच; पण मल्याळम बोलणाऱ्याला माडिया भाषा सव्हॉयच्या माणसाइतकीच अपरिचित. म्हणजे देश बदलला तरी भाषा शिकण्याचे काम सुटले नाही. आपल्या भारतीय सैन्याने तर ही व्यवस्था सर्व धर्मांसाठी खुली केली. पलटणीत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री व बौद्ध भिक्षू हे धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात. रुग्णालयातील आजारी जवानांची विचारपूस करणे हे त्यांच्या नेमून दिलेल्या कर्तव्यांपैकी एक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ज्या संस्थेत शिस्तीला आणि हिशेबाला सर्वाधिक महत्त्व, तिनेही या कामासाठी वेतनाचे पद ठेवले आहे.

आता आपल्या वॉर्डांकडे वळू. भामरागडहून येणाऱ्या रुग्णाची बोली माडिया, सिरोंच्याच्या रुग्णाची तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडील वसाहतींतून येणाऱ्यांची बंगाली. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो आणि रुग्णाजवळ असलेला एकुलता नातेवाईकही गावाकडचा निरोप मिळेना म्हणून कासावीस होतो. सिकलसेलच्या वेदनांनी तळमळणाऱ्या मुलाला सलाईन लागते. पण ‘किती दुखते?’ हे त्याच्या भाषेत विचारणारे कोणी नसते. संमतीपत्रावर अंगठा उमटतो. त्यामागचा अर्थ पोहोचला की नाही, हे कागद सांगत नाही.

म्हणून आम्ही दोन पूर्णवेळ सोबत्यांची नेमणूक सुचविली आहे : एक माडिया-गोंडी जाणणारा आणि दुसरी तेलुगू व बंगाली जाणणारी. रात्री रुग्णापाशी बसणे, डॉक्टरांचे म्हणणे समजावून सांगणे, गावी निरोप पोहोचविणे आणि दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास देह सन्मानाने घरी नेण्याची तजवीज करणे, ही त्यांची कामे राहतील.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नियमांच्या स्वरूपात देत आहोत. सोबती कोणत्याही धर्माचा असो, तो आपण होऊन प्रार्थना, उपदेश अथवा पुस्तक पुढे करणार नाही. रुग्णाने किंवा त्याच्या आप्तांनी मागणी केल्यास गावचा पुजारी, भंते, मौलवी, पाद्री वा कीर्तनकार, ज्याला ते सांगतील त्याला बोलाविले जाईल. तक्रार आल्यास ती थेट विश्वस्तांपुढे येईल. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही. म्हणून त्याच्या उशाशी बसणाऱ्याने त्याच्याकडून काहीही मागता कामा नये, हा आमच्या दृष्टीने या सेवेचा पाया आहे.

आम्ही वाणिज्य शाखेतून आलेली माणसे. ज्याचे माप काढता येत नाही ते ताळेबंदात बसत नाही, असे आमच्या व्यवसायात मानले जाते. तरीही नातेवाईक घरी गेल्यावर काय सांगतात, ते आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. औषधाचे नाव त्यांच्या क्वचितच लक्षात राहते. रात्री कोण जवळ होते, ते मात्र राहते.

देणगीदारांना नम्र विनंती की, या शीर्षकाखाली दिलेली रक्कम इतरत्र वळविली जाणार नाही. तिचा स्वतंत्र हिशेब पुढील अहवालात सादर केला जाईल. विश्वस्त मंडळाने या प्रस्तावास संमती द्यावी, अशी विनंती आहे.