मंडळीसाठी प्रार्थना करताना नाव घ्या

हेडफोन लावलेत ना?

आज डोळ्यांसमोर खारबाव आणा. वसई रोड–दिवा लाइनवरचं स्टेशन, अलीकडे कामण, पलीकडे भिवंडी. भिवंडी म्हणजे गोडाऊन, आणि गोडाऊन म्हणजे शिफ्ट. रविवारी उपासनेत कोणाची खुर्ची रिकामी दिसली की आपण लगेच म्हणतो, "विश्वासात थंड पडला." अरे, नाइट करून झोपला असेल बिचारा!

आणि मंडळीसाठी प्रार्थना कशी करतो? "प्रभू, सर्वांना बळ दे, आमेन." माझीही बरीच वर्षं अशीच गेली. कोणासाठी मागितलं, ते मलाच माहीत नसायचं.

१९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला बोलावलं. सुरुवातीला सुमारे ७० जणी आल्या. मग संख्या वाढत गेली आणि जूनमध्ये तिथं संजीवन आलं. या मुली कोण होत्या? कितीतरी जणी दुष्काळातून वाचलेल्या, विधवा, अनाथ. आपण ज्यांना दुबळं म्हटलं असतं, त्याच!

इफिसकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचा. पौल बंदिवासात आहे आणि मंडळीसाठी मागतो काय? माणसाच्या आतलं बळ. मोठी इमारत नाही, साउंड सिस्टिम तर नाहीच नाही.

तर आज रात्री पाळकांचं नाव घ्या. आजारी आजीचं घ्या. त्या रिकाम्या खुर्चीवाल्याचंही घ्या, आणि उद्या त्याला फोन करा. शिफ्ट कधी सुटते, विचारा. जमलं तर तिथंच भेटून दोघं प्रार्थना करा.

चला, पुढच्या भागात बोलू.